वाचक विचारतात : भोरड्या थव्यानेच का उतरतात?

प्रश्न : दादर (रब्बी ज्वारी) चिकात आली की भोरड्यांचा थवा कोसळतो. एकेका कणसावर दोन-दोन, तीन-तीन. एवढ्या मिळून आल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला कमीच येत असणार. मग वेगवेगळ्या का फिरत नाहीत? (एक शेतकरी, चोपडा)

उत्तर : वाटा कमी पडतो तो अन्न तुटपुंजं असेल तर. भोरडीचं, म्हणजे पळसमैनेचं, अन्न तसं नसतं. मध्य आशियात, जिथे ती वीण घालते, तिथे टोळ-नाकतोडे. इथे दादर, वड-पिंपळाची फळं, पळस-सावरीचा मध. कुठे मिळेल याचा नेम नाही, पण मिळालं तर ढिगाने. एकीला भरलेलं शेत दिसलं की बाकीच्या तिला बघूनच वळतात. त्यांची शोधाशोध वाचते आणि जिने शेत हेरलं तिचंही काही जात नाही, कारण एकरभर कणसं एका बैठकीत संपत नाहीत.

दुसरा हिशोब पहाऱ्याचा. दाणा टिपताना मान खाली असते. समजा, प्रत्येक पक्षी 100 पैकी 10 क्षण मान वर ठेवतो. एकटा असेल तर उरलेले 90 क्षण शिकऱ्याला (छोट्या ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्याला) मोकळे. 20 पक्षी आपापल्या लयीत मान वर करत असतील, तर कुणाचंच लक्ष नाही असे क्षण साधारण 12 उरतात. 50 असतील तर एकही धड उरत नाही. त्यामुळे थव्यातला पक्षी पहारा कमी करून जास्त खाऊ शकतो. कणसावर हे नीट दिसत नाही. कापणी झालेल्या रानात उतरलेला थवा घ्या, दुर्बिणीने एकच पक्षी धरा आणि मिनिटाला मान किती वेळा वर होते ते मोजा. मग कडेचा आणि मधला ताडून बघा. कडेचा सहसा जास्त वेळा मान वर करतो.

राखणीचं म्हणाल, तर एकमेकींना बघून शिकण्याची हीच खोड तुम्हाला नडते. एका जागी उभं राहिलेलं बुजगावणं लवकरच निकामी होतं, कारण एक धीट भोरडी त्याच्याजवळ बसली की बाकीच्यांची भीड चेपते. गोफण चालवायची ती पहिली टोळी टेकायच्या आत. थवा बसल्यावर तो नुसता शेताच्या दुसऱ्या टोकाला जातो. चकाकती फीत पीळ देऊन ताणा, म्हणजे वाऱ्याने गुणगुणते, आणि दर काही दिवसांनी तिची जागा बदला. सर्वांत मोठी चूक पेरणीतच होते. शिवारात एकट्याचीच दादर लवकर किंवा उशिरा भरली, तर अख्खा थवा तिच्यावरच. शेजाऱ्यांसोबत एकाच आठवड्यात पेरा, नुकसान वाटलं जातं.

प्रश्न : कुत्रा धावून आला की मेंढ्या पांगायच्या सोडून एकमेकींत घुसतात. हा भित्रेपणा की शहाणपण? (एक ठेलारी वाचक, साक्री)

उत्तर : भित्रेपणाच, पण कामाचा. 1971 साली डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने मांडलं, की प्रत्येक जनावर आपल्या आणि शत्रूच्या मध्ये दुसरं कुणीतरी यावं म्हणून आत सरकतं. कळपाचं भलं कुणाच्याच मनात नसतं. पुढे मेंढ्यांच्या पाठीवर जीपीएस बांधून पाहिलं, तेव्हा कुत्रा येताच त्या खरंच कळपाच्या मध्याकडे पळाल्या.

यातून नुकसान होतं ते कडेच्यांचं. लंगडी, आजारी, नुकतीच व्यालेली मेंढी मागे पडते आणि लांडगा तीच उचलतो. अशांना चरायला मागून हाकू नका, वाघरीतच, म्हणजे जाळीच्या कुंपणातच, ठेवा. दुसरा धोका दाटीचा. रात्री लांडग्याची चाहूल लागली की मेंढ्या एका कोपऱ्यात ढीग करतात आणि खालच्या गुदमरतात, म्हणून वाघर गोल लावा, कोपरा ठेवू नका. आणि दाटीत राहणाऱ्या जनावरांत पीपीआरसारखा (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य) रोग झपाट्याने पसरतो. लस वेळेवर द्या; नवी मेंढी आणली तर दोन-तीन आठवडे वेगळी बांधा.

प्रश्न : मग केळीच्या बागेतला बिबट्या एकटाच का फिरतो? (रावेर)

उत्तर : दबा धरणाऱ्याला सोबत परवडत नाही. दोघे असले की चाहूल दुप्पट, आणि कुत्रं किंवा शेळी एवढ्याशा शिकारीत वाटणीला काही उरत नाही. दोन-तीन एकत्र दिसले तर ती बहुधा मादी आणि तिची पिल्लं. पिल्लं साधारण दीड-दोन वर्षं आईसोबत असतात, आणि अशी मादी अंगावर यायला वेळ लावत नाही. पाठ न दाखवता, वाट सोडून, हळूहळू मागे सरका.