वाचकांचे प्रश्न : मोटरहोम, कुत्री आणि ॲरिझोनाचं ऊन

प्रश्न : मे अखेरीस फिनिक्सहून भाड्याच्या मोटरहोमने (राहायची सोय असलेल्या गाडीने) ग्रँड कॅन्यन, पेट्रिफाइड फॉरेस्ट आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स असा बेत आहे. सोबत दोन लॅब्रॅडॉर. आम्ही फिरायला जाताना त्यांना एसी लावून गाडीतच ठेवलं तर चालेल का? – एक वाचक, फिनिक्स

उत्तर : सकाळी तासभर चालेल. दुपारी नुसत्या एसीच्या भरवशावर नको, कारण एसीपेक्षा वीजच आधी दगा देते. कॅम्पग्राउंडच्या खांबावरून मिळणाऱ्या ३० ॲम्पिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टला ३६०० वॅट, बस्स. छतावरचा एसी एकटाच १३ ते १५ ॲम्पिअर खातो. गीझर विजेवर असेल तर आणखी १२, त्यात कुणी मायक्रोवेव्ह लावला की खांबावरचा ब्रेकर पडलाच. म्हणून निघण्यापूर्वी गीझर गॅसवर टाका. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर तोही.

दुसरा घोळ व्होल्टेजचा. भर दुपारी सगळ्या गाड्यांचे एसी सुरू झाले की ते घसरतं. १०४ व्होल्टच्या आसपास आलं की गाडीचं संरक्षक यंत्र वीज तोडतं. कॉम्प्रेसर वाचतो, पण कुत्री बंद गाडीत भाजतात! तेव्हा स्वतःचं सिम आणि बॅटरी असलेला तापमान-मॉनिटर घ्या. कॅम्पच्या वायफायवर चालणारा नको, वीज गेली की वायफायही जातं. आणि तुम्ही जिथे जाणार तिथे फोनला रेंज हवी, नाहीतर मॉनिटर असून नसल्यासारखाच. सर्वांत उत्तम म्हणजे दुपारी घरातल्या एकाने गाडीतच थांबावं.

ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ म्हणजे साउथ रिम सुमारे २१०० मीटर उंचीवर, तिथली दुपार सुसह्य असते. मात्र तिथल्या माथर कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणीच नाही आणि जनरेटरला वेळेचं बंधन आहे. ट्रेलर व्हिलेज या दुसऱ्या कॅम्पमध्ये जोडणी मिळते. काठावरच्या रिम ट्रेल या वाटेवर सहा फुटी पट्ट्याने कुत्री चालतात, दरीत उतरणाऱ्या वाटांवर आणि शटल बसमध्ये नाही. दिवसभर दरीत जायचं तर तिथल्या केनेलमध्ये (कुत्र्यांच्या पाळणाघरात) आधी जागा राखून ठेवा, लसीकरणाचे कागद लागतात.

पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये पट्ट्याने सगळ्या वाटा खुल्या आहेत. व्हाइट सँड्सलाही कुत्री चालतात, शिवाय तिथली जिप्समची वाळू साध्या वाळूइतकी तापत नाही. डांबराचं तसं नाही : तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर पंजेही टेकवू नका. या दोन्ही उद्यानांत मोटरहोमचा मुक्काम होत नाही, त्यासाठी जवळची गावं, अनुक्रमे होलब्रुक आणि अलामोगोर्डो, गाठा.

प्रश्न : चोया निवडुंगाचा काटेरी गोळा कुत्र्याच्या पायाला चिकटला तर? – तेच वाचक

उत्तर : आधी तोंड धरा. कुत्रं तो दाताने उपटायला जातं आणि काटे जिभेत रुततात. बोटं लावू नका, काट्यांना उलटे दात असतात. रुंद दातांचा धातूचा कंगवा गोळ्याखाली सरकवून झटक्यात उडवा, माणसं नाहीत त्या दिशेला. उरलेले काटे चिमट्याने, ज्या कोनात शिरले त्याच कोनात सरळ ओढा. जीभ, घसा किंवा डोळ्याजवळ असतील तर स्वतः खटाटोप न करता थेट पशुवैद्याकडे न्या.