वाचकांचे प्रश्न : डीएचसीपी क्लायंट सोर्समधून बांधताना

प्रश्न : 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच'च्या पद्धतीने मी सगळी सिस्टिम सोर्समधून उभी केली आहे. राउटरकडून आयपी पत्ता आपोआप मिळावा यासाठी कुठला डीएचसीपी क्लायंट (राउटरकडे पत्ता मागणारा प्रोग्राम) घेऊ आणि तो बांधू कसा?

उत्तर : डीएचसीपीसीडी घ्या. जुन्या लेखांत आयएससी (इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम) या संस्थेचा डीएचक्लायंट सुचवलेला दिसेल, पण त्याची देखभाल 2022 मध्ये थांबली. नव्या सिस्टिमवर तो घालू नका. रॉय मार्पल्स यांचा डीएचसीपीसीडी आयपीव्ही4 आणि आयपीव्ही6 दोन्ही सांभाळतो. बांधायला जीसीसी हा कंपायलर, मेक आणि हेडर फायली पुरतात.

बांधण्याआधी त्याच्यासाठी वेगळा वापरकर्ता तयार करा. आवृत्ती 9 पासून नेटवर्कवरची पाकिटं वाचणारा भाग रूटच्या अधिकारांशिवाय, एका बंदिस्त डिरेक्टरीत चालतो. 'डीएचसीपीसीडी' नावाचा ग्रुप आणि त्याच नावाचा वापरकर्ता बनवा. होम /व्हार/लिब/डीएचसीपीसीडी ठेवा, शेल /बिन/फॉल्स. ती डिरेक्टरी 700 परवानगीने तयार करून चाऊन या मालकी बदलणाऱ्या आदेशाने त्या वापरकर्त्याच्या नावावर करा. ही पायरी गाळली तरी पत्ता मिळतोच, म्हणून चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. लॉगमध्ये मात्र 'नो सच यूजर' अशी ओळ येते आणि सगळा प्रोग्राम रूट म्हणूनच चालत राहतो.

आता सोर्ससोबत येणारी कॉन्फिगर ही स्क्रिप्ट चालवा. प्रीफिक्स /यूएसआर, सिसकॉन्फडिर /इटीसी, लिबएक्झेकडिर /यूएसआर/लिब/डीएचसीपीसीडी, डीबीडिर /व्हार/लिब/डीएचसीपीसीडी, रनस्टेटडिर /रन आणि प्रिव्हसेपयूजर म्हणून वरचा वापरकर्ता द्या. शेवटी हे सगळे मार्ग पडद्यावर उमटतात, ते नीट वाचा. सिसकॉन्फडिर द्यायचं राहिलं की क्लायंट सेटिंगची फाइल भलत्याच ठिकाणी शोधतो, आणि तुम्ही /इटीसीमध्ये कितीही बदल केलेत तरी फरक पडत नाही. पुढे मेक, मेक टेस्ट आणि रूट होऊन मेक इन्स्टॉल.

लगेच बूट स्क्रिप्टला जोडू नका. आधी --टेस्ट हा पर्याय आणि इंटरफेसचं नाव देऊन चालवा. सर्व्हरने काय देऊ केलं ते छापून येतं, इंटरफेसला मात्र हात लागत नाही. 'अॅड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड' अशी चूक आली तर कर्नल स्वतः बांधताना पॅकेट सॉकेटचा (नेटवर्क कार्डाशी थेट पाकिटांची देवघेव करण्याच्या सोयीचा) पर्याय राहून गेला आहे. पत्ता नसताना बोलायचं असल्याने क्लायंटला तो लागतोच.

प्रश्न : क्लायंट चालतो, पण पत्ता 169.254 ने सुरू होणारा मिळतो. फायरवॉल बंद केली, तरी तेच.

उत्तर : तो पत्ता सर्व्हरचा नाही. उत्तर न आल्यामुळे क्लायंटने स्वतःच घेतलेला आहे. यावरून पॅकेट सॉकेट ठीक असल्याचंही कळतं. पहिली देवाणघेवाण याच सॉकेटवरून होत असल्याने मशीनवरची नेहमीची फायरवॉल तिच्या आड येत नाही. ती परत चालू करा.

वायफाय असेल तर पासवर्डची पडताळणी पूर्ण झाली का, ते आधी बघा. केबल एखाद्या मॅनेज्ड स्विचमध्ये असेल तर संशय स्पॅनिंग ट्रीवर (स्विचच्या जाळ्यात पाकिटं गोल फिरत राहू नयेत यासाठीच्या यंत्रणेवर) घ्या. जुन्या पद्धतीत पोर्ट 15 अधिक 15, म्हणजे 30 सेकंद वाहतूक अडवून धरतो आणि तेवढ्यात क्लायंट 169.254 घेऊन मोकळा होतो. त्या पोर्टवर ही वाट पाहणं टाळणारी पोर्टफास्ट सेटिंग लावा. हा पत्ता नकोच असेल तर सेटिंगच्या फाइलीत 'नोआयपीव्ही4एलएल' लिहा. त्याने मूळ दुखणं जाणार नाही, पण खोटा पत्ता दिसणं थांबेल.

नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी त्याच इंटरफेसवर चालू नाही ना, हेही तपासा. एका इंटरफेसवर दोन क्लायंट कधीच ठेवू नयेत. एकाने लावलेला पत्ता आणि पाकिटांचा मार्ग (राउट) दुसरा बदलून टाकतो.

प्रश्न : राउटरमध्ये मॅक पत्त्यावर आयपी राखून ठेवला आहे. क्लायंट बदलल्यापासून तो मिळत नाही.

उत्तर : सोबत येणाऱ्या सेटिंगच्या फाइलीत 'डीयूआयडी' (मशीनची मॅक पत्त्याहून वेगळी ओळख) चालू असतो, आणि काही राउटर त्यामुळे तुमचं मशीन नवंच समजतात. ती ओळ # लावून बंद करा, 'क्लायंटआयडी' (मॅक पत्त्यावरून ओळख देणारी) ओळीपुढचा # काढा. मग --रिलीज देऊन जुना पत्ता सोडा आणि क्लायंट पुन्हा सुरू करा.