लिहायचं सोडून भलतंच?

कथा-कादंबऱ्या लिहिणारी मंडळी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा प्रत्येकाची हकीकत वेगळी, पण गाऱ्हाणं एकच. "आठवं प्रकरण तसंच पडलंय आणि मी स्वेटर विणत बसलेय." "लिहायला म्हणून पहाटे उठतो आणि हार्मोनियम काढतो." "लिहिण्यासाठी रजा घेतली नि कुंड्यांतली माती बदलण्यात संपवली." मग आवाज खाली येतो आणि खरा प्रश्न बाहेर पडतो: हा आळस आहे, की मी मुळात लेखकच नाही? अलीकडे हे इतक्यांदा कानावर आलं, की एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. त्यासाठी एका कथाकाराची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ पन्नाशीच्या अलीकडचे. दोन कथासंग्रह नावावर, तिसरा रखडलेला. छंद म्हणजे जुनी चावीची घड्याळं दुरुस्त करणं. पहिल्या भेटीत त्यांनी तो व्यसनाची कबुली द्यावी तसा सांगितला.

"मॅडम, माझी घड्याळं तेवढी सोडवा. रात्री लिहायला बसतो, अर्ध्या तासात उठतो आणि घड्याळ खोलतो. मग एक कधी वाजला कळत नाही. मोठे लेखक असलं काही करत बसले असते का?"

बसले होते की! कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव १९४०च्या दशकात हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात फुलपाखरांच्या संग्रहाचं काम पाहत होते. निळ्या फुलपाखरांचा एक गट आशियातून अमेरिकेत टप्प्याटप्प्याने आला असावा, असं त्यांनी १९४५ मध्ये मांडलं. २०११ मध्ये डीएनएच्या तपासणीने ते बरोबर ठरवलं. रवींद्रनाथ टागोर हस्तलिखितातल्या खाडाखोडीला आकार देता देता साठीनंतर चित्रकलेत बुडाले आणि १९३० मध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन पॅरिसमध्ये भरलं.

हे ऐकून गृहस्थ हसले. "ते मोठे होते. त्यांना शोभतं."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. आधी लेखक म्हणून पास व्हायचं, मग छंदाची परवानगी मिळणार, असा त्यांचा स्वतःशी करार होता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझी जडणघडण झाली आहे आणि त्यांची एक शिकवण मी कधी सोडलेली नाही: कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. या गृहस्थांची गडबड इथेच असणार, असा माझा कयास होता. पण कयास समोरच्याला ऐकवून काही साधत नाही. तो त्याचा त्याला सापडावा लागतो.

घड्याळं सोडायला मी सांगितलं नाही. सांगितलं एवढंच, की लिहिताना उठाल तेव्हा त्याआधीचं शेवटचं वाक्य एका कागदावर उतरवून आणा.

पुढच्या भेटीत कागद आला. जवळपास प्रत्येक वाक्यावर आडव्या रेघा. एका ठिकाणी तर पेन इतकं दाबलेलं की कागद फाटला होता. ते दमून उठत नव्हते, कंटाळूनही नाही. पहिलं वाक्य मनासारखं उतरलं नाही की उठत होते. त्यावर मी काहीच बोलले नाही. घड्याळांचं विचारलं.

"काल काय खोललं होतंत?"

चेहराच बदलला त्यांचा. डोळ्याला भिंग लावून वाकल्यासारखे पुढे झाले. "जुनं मनगटी होतं. सगळं जमत आलेलं, आणि चिमट्यातून बारकी स्प्रिंग उडाली. अर्धा तास टॉर्च घेऊन गुडघ्यांवर रांगत होतो. शेवटी माझ्याच बाहीच्या घडीत सापडली."

"तेव्हा स्वतःला काय म्हणालात?"

"काय म्हणणार? चिमटा निसटला. पुन्हा बसवली. ती तिरकी बसली, मग सगळं परत खोललं."

"वैतागलात?"

"थोडा. पण खोलायचं असतंच की ते. एका फटक्यात चालू होतंय थोडंच!"

"आणि वाक्य तिरकं बसलं तर?"

ते बोलायचे थांबले. बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा म्हणतो, संपलास तू. तुझ्यात आता काही उरलं नाही."

अशा वेळी समुपदेशकाची जीभ फार शिवशिवते. मी ती आवरली, आणि आवरली याचा मला आजही आनंद आहे. कारण पुढचं वाक्य त्यांचंच होतं: "म्हणजे तिकडे स्प्रिंग चुकते आणि इकडे मी चुकतो."

मी इतकी वर्षं जे शिकले ते त्यांनी एका दमात सांगून टाकलं. छंदाने त्यांचं लेखन खाल्लं नव्हतं. चुकायची मुभा असलेली त्यांच्या आयुष्यातली ती एकच जागा होती, म्हणून माणूस रोज रात्री तिकडे धाव घेत होता. घड्याळं बंद केली असती तर ती मुभाही गेली असती, आणि कथा काही आली नसती.

म्हणून अशी तक्रार घेऊन आलेल्यांना मी आधी सांगते: छंदात किती तास जातात हे मोजू नका. तिकडे कोणत्या क्षणी वळता ते पाहा. तीन-चार पानं झाल्यावर, डोकं शिणल्यावर वळत असाल, तर ती विश्रांती आहे, खुशाल घ्या. ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंतांनी १९२६ मध्ये सर्जनाचे टप्पे मांडले, त्यात विषय मनात मुरण्याचाही एक टप्पा आहे. मात्र त्याच्या आधी तयारीचा टप्पा आहे, हे बरेच जण सोयीने विसरतात. कोऱ्या कागदाचं मुरत काहीच नाही. पहिल्या वाईट वाक्यापाशी उठत असाल, तर ते वाक्य न खोडता तसंच ठेवा आणि त्याखाली आणखी पाच वाईट वाक्यं लिहा. मग खुशाल उठा. आमच्या कथाकारांनी आपल्या पहिल्या खर्ड्यावर मोठ्या अक्षरात 'खोललेलं' असं लिहायला सुरुवात केली. ही युक्ती त्यांची, माझी नाही, पण आता मी ती सर्रास इतरांना सुचवते.

दुसरी एक खोड जास्त चिवट निघाली. त्यांच्या दुरुस्तीच्या टेबलावर वही असायची. घड्याळांत वेळ घालवतोय तर त्यातून निदान एखादी कथा तरी निघावी, म्हणून चिमटा ठेवून मध्येच टिपणं. लेखकांना हा रोगच असतो. सहलीला गेले तरी सामग्री, भांडण झालं तरी सामग्री. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल असं ज्यांना आधीच सांगितलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात आपणहून चित्रांकडे कमी वळू लागली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. छंदाकडून कथेची वसुली करणं हे मला त्याच जातीचं वाटतं.

"मग घड्याळांवर कथा कधीच लिहायची नाही?" त्यांनी विचारलं.

"आली तर लिहा ना. बोलावणी पाठवू नका."

वही दुसऱ्या खोलीत गेली. तिसरा संग्रह अजून पुरा झालेला नाही, पण एक कथा शेवटापर्यंत गेली आहे. त्यांच्या मते ती साधारण आहे, आणि तिच्याबद्दल 'साधारण' म्हणताना ते स्वतःला काही म्हणाले नाहीत. माझ्या लेखी हे यश मोठं आहे.

घरच्यांसाठीही एक सांगते. "त्यापेक्षा दोन पानं लिहिली असतीस तर" हे वाक्य कृपा करून टाळा. लिहिणारी व्यक्ती ते स्वतःला दिवसभर ऐकवतच असते.

आणि एक फरक नीट ओळखा. लिहिणं नकोसं आणि छंद हवासा, हे वर सांगितलं त्यातलं. पण छंदही नकोसा झाला असेल, विणकामाची पिशवी उघडावीशी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो लेखनाचा प्रश्न राहत नाही. ते नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत. तेव्हा खर्डा बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा.