तुमचे प्रश्न: बोस्टनचा चहा, व्हर्जिनियाची तंबाखू आणि धारवाडचा वेढा

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये २५० वर्षं होतात, त्यामुळे असेल बहुतेक, पण या विषयावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडून पत्रं आलीत. सगळी घेता येत नाहीत, त्यातली काही इथे घेतोय.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): सर, माझी पोरगी केएएसची (कर्नाटकच्या प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची) तयारी करालीय. शुगर ॲक्ट, स्टॅम्प ॲक्ट, टाऊनशेंड, टी ॲक्ट हे सगळं पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. एक धागा सांगा की, ज्यानं सगळं लक्षात राहील.

उत्तर: धागा पैशाचा आहे, आणि तो १७६३ पासून धरायला सांगा. सात वर्षांचं युद्ध संपलं, फ्रेंचांकडून कॅनडा घेतलं, पण इंग्लंडच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला आणि वर अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा खर्च, मग लंडनच्या पार्लमेंटनं ठरवलं की वसाहतींनी पण यातला वाटा उचलायचा. १७६४ चा शुगर ॲक्ट गंमतीचा आहे, त्यात काकवीवरची जकात खरं तर अर्धी केली, सहा पेन्सवरून तीन पेन्सवर, पण वसुली कडक केली, आणि आधीची जकात कुणी भरतच नव्हतं म्हणून कमी झालेली पण जड वाटली. १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट मात्र थेट घरात घुसला. कोर्टाचे कागद, जमिनीचे दस्त, पेपर, खेळायचे पत्ते, अगदी फासे, सगळ्यावर सरकारी शिक्का लागणार. बाँड पेपरसाठी तहसीलबाहेर लायनीत उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. आणि याचा फटका बसला तो वकिलांना आणि छापखानेवाल्यांना, म्हणजे ज्यांना बोलता आणि लिहिता येतं नेमकं त्यांनाच, म्हणून आरडाओरडा एवढा झाला. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे लोक एकत्र बसले. त्यांचं म्हणणं, पार्लमेंटमध्ये आमचा एक पण माणूस नाही, मग आमच्यावर कर बसवायचा हक्क तुम्हाला कुठून आला.

१७६६ ला कायदा मागे घेतला, पण त्याच वेळी डिक्लेरेटरी ॲक्ट केला, की वसाहतींसाठी कुठलाही कायदा करायचा हक्क आम्हाला आहेच. पोरीला सांगा, गाईडात एका ओळीत उरकलेला हा कायदा सगळ्यात नीट वाच. भांडण कर किती याचं नव्हतंच, तो कुणी लावायचा याचं होतं आणि ते या एका कायद्यात उघड लिहिलंय. पुढे १७६७ चे टाऊनशेंड कायदे, काच, शिसं, रंग, कागद, चहा. १७७० ला चहा सोडून बाकीचे कर काढले आणि चहाचा मुद्दाम ठेवला, हक्क सोडला नाही हे दाखवायला. इथून पुढचं खानापूरच्या पत्रात आलंय.

प्रश्न (खानापूर): टी ॲक्टमुळे चहा उलट स्वस्त होणार होता असं कॉलेजात एका सरांनी सांगितलं. मग बोस्टनवाल्यांनी समुद्रात का टाकला?

उत्तर: सरांचं बरोबर आहे. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा बुडायला आली होती, लंडनच्या गोदामात चिनी चहाचा ढीग पडून होता. म्हणून १७७३ च्या कायद्यानं तिला अमेरिकेत थेट माल पाठवायची मुभा दिली, इंग्लंडमधली जकात परत दिली, त्यामुळे तीन पेन्सचा कर धरून पण तिचा चहा डचांकडून चोरून येणाऱ्या चहापेक्षा स्वस्त पडत होता. पण तो स्वस्त चहा घेतला की कर मान्य केला असं होणार होतं, आणि विकायचा मक्ता कंपनीनं निवडलेल्या चार-दोन व्यापाऱ्यांकडं, म्हणजे बाकीच्यांचं दुकान बंद. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री मोहॉक या तिथल्या आदिवासी लोकांचा वेष करून माणसं तीन जहाजांवर चढली आणि ३४२ पेट्या पाण्यात टाकल्या.

आपल्याकडं हा प्रसंग नुसता चहाची गोष्ट म्हणून सांगतात, मला ते खटकतं. कारण याच कंपनीच्या राज्यात १७७० ला बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडून लाखो माणसं मेली होती आणि ती बातमी अमेरिकेत पोचली होती. पेनसिल्व्हेनियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी १७७३ मध्येच लिहिलं होतं की या कंपनीनं आशियात काय केलंय ते बघा, आता ती आपल्याकडं येतेय. बंगालचं हे मरण तिकडच्या भांडणात साक्ष म्हणून आलं, हे आपल्या पोरांना शिकवायला पाहिजे.

उत्तर म्हणून पार्लमेंटनं १७७४ ला दंडाचे कायदे केले, बोस्टनचं बंदर बंद, बोस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत येतं तिचे अधिकार काढले. एका गावाला शिक्षा केली तर बाकीचे गप्प बसतील असा हिशोब होता, झालं उलट, दूरच्या साऊथ कॅरोलायनातून बोस्टनला तांदूळ आला आणि सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला वसाहतींची पहिली काँग्रेस, म्हणजे प्रतिनिधींची सभा भरली.

प्रश्न (निपाणी, तंबाखू शेतकरी): वॉशिंग्टन आणि जेफरसन दोघं तंबाखूवाले होते म्हणे. खरं काय?

उत्तर: खरं आहे, दोघं व्हर्जिनियाचे. आपल्याकडं विडीची तंबाखू, त्यांची जात वेगळी, पण दुखणं तुम्हाला लगेच कळेल. १६६० पासूनच्या कायद्यानं तिथली तंबाखू इंग्लंडच्या बाजूलाच पाठवायची, दुसऱ्या देशाला थेट विकायची नाही. माल लंडनच्या दलालाकडं जायचा, भाव तो ठरवणार, भाडं-कमिशन तो कापणार, वर त्याच्याकडूनच उधारीवर सामान. मोठेमोठे जमीनदार पिढ्यानपिढ्या त्या कर्जात. वॉशिंग्टननं १७६० च्या दशकातच माउंट व्हर्ननवर तंबाखू कमी करून गहू धरला तो याच्यामुळे.

तिथं तंबाखू म्हणजे चलनच होतं. पाद्र्यांचा वर्षाचा पगार १६,००० पौंड तंबाखू. १७५८ ला पीक गेलं, भाव भडकला, तर तिथल्या असेंब्लीनं कायदा केला की पगार पौंडभर तंबाखूला दोन पेन्स, म्हणजे बाजारापेक्षा कमी, अशा हिशोबानं पैशात द्यायचा. राजानं तो कायदा रद्द केला, पाद्री थकबाकीसाठी कोर्टात गेले. १७६३ ला त्या केसमध्ये पाद्र्याच्या विरुद्ध बाजूचा वकील म्हणून सत्तावीस वर्षांचा पॅट्रिक हेन्री उभा राहिला आणि म्हणाला, लोकांच्या भल्याचा कायदा जो राजा मोडतो तो आज्ञा पाळून घ्यायचा हक्क घालवतो. ज्यूरीनं पाद्र्याला भरपाई दिली, एक पेनी. स्टॅम्प ॲक्टच्या आधीची गोष्ट आहे ही! निपाणीनं तंबाखूच्या भावासाठी १९८१ ला केवढं आंदोलन केलं, तुम्हाला ही केस नक्की आवडेल.

पण एक गोष्ट सोडून चालणार नाही. ती तंबाखू लावायला, खुडायला, वाळवायला गुलाम माणसं होती. सगळी माणसं समान असं लिहिणाऱ्या जेफरसनकडं आयुष्यभरात सहाशेच्या वर गुलाम होते, आणि १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर यानं बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूनं लढतील त्यांना सोडू असं जाहीर केलं तेव्हा शेकडो माणसं त्याच्याकडं पळून गेली. त्यांच्यासाठी स्वातंत्र्य त्या वेळी इंग्रजांच्या छावणीत होतं.

प्रश्न (चिकोडी, हायस्कूल शिक्षक): लढाया फार आहेत. मुलांना कुठल्या शिकवाव्या?

उत्तर: सुरुवात लेक्सिंग्टन-कॉन्कॉर्ड, १९ एप्रिल १७७५. मग ट्रेंटन, २६ डिसेंबर १७७६, कारण वॉशिंग्टन न्यूयॉर्क हरून पळत होता, फौज विरघळत होती, आणि ख्रिसमसच्या रात्री बर्फातून डेलावेअर नदी ओलांडून त्यानं इंग्रजांची भाडोत्री जर्मन पलटण गाठली. मग साराटोगा, १७ ऑक्टोबर १७७७, इंग्रज सेनापती बर्गॉईनची अख्खी फौज शरण आली आणि ते बघून फेब्रुवारी १७७८ ला फ्रान्सनं अमेरिकेशी तह केला. आणि अमेरिकेचा सेनापती नॅथॅनिएल ग्रीनला विसरू नका, हा दक्षिणेत गनिमी काव्यासारखा लढला, लढाया हरायचा पण शत्रूला दमवायचा. मार्च १७८१ मध्ये गिलफर्ड कोर्टहाऊसला तो हरला, पण जिंकलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची चौथाई फौज गेली. शेवटी यॉर्कटाऊन.

प्रश्न (हुक्केरी): यॉर्कटाऊनला हरलेला कॉर्नवॉलिस आणि टिपूशी लढलेला कॉर्नवॉलिस एकच का?

उत्तर: एकच, आणि आपल्या भागातल्या माणसानं हे माहीत असायलाच पाहिजे. फ्रेंच आरमारानं समुद्राची वाट अडवल्यावर १९ ऑक्टोबर १७८१ ला सात हजारांवर सैनिकांसह तो शरण आला, स्वतः तब्येतीचं कारण सांगून गेला नाही, तलवार द्यायला खालच्या अधिकाऱ्याला पाठवलं. १७८३ च्या पॅरिस तहानं अमेरिका सुटली, आणि १७८६ ला हाच माणूस हिंदुस्थानात कंपनीचा गव्हर्नर जनरल.

मधल्या काळात पण धागे आहेतच. अमेरिकेमुळे फ्रान्सशी युद्ध पेटलं म्हणून इंग्रजांनी १७७९ ला फ्रेंचांचं माहे बंदर घेतलं, हैदरअलीचा दारूगोळा तिथून यायचा, तो चिडला आणि १७८० ला अर्काटच्या नबाबाच्या मुलखात, म्हणजे आताच्या तमिळनाडूकडं उतरला. पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नावच हैदर अली होतं, १७८२ ला त्यानं एक इंग्रज जहाज पकडलं. आणि त्याच १७७९ च्या जानेवारीत पुण्याजवळच्या वडगावला मराठ्यांनी मुंबईच्या इंग्रजांना शरण आणलं होतं.

१७९० ला कॉर्नवॉलिसनं टिपूशी युद्ध काढलं तेव्हा मात्र पेशवे आणि निजाम त्याच्या बाजूला. परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला, टिपूचा बद्रुज्जमान खान आत, सहा महिन्यांच्या वर चालला तो वेढा, एप्रिल १७९१ ला किल्ला पडला. पुढच्याच महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपासून उपाशी फौज घेऊन मागे फिरला, ओढायला बैल नाहीत म्हणून मोठ्या तोफा स्वतःच फोडल्या, आणि तेवढ्यात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊंची फौज समोर आली, बरोबर धान्याचा भरलेला बाजार. यॉर्कटाऊनला त्याच्या मदतीला कुणी वेळेत पोचलं नव्हतं, इथं आपली माणसं पोचली. १७९२ च्या तहात टिपूचा निम्मा मुलूख गेला, मराठ्यांना तुंगभद्रेपर्यंतचा मिळाला. त्या मोहिमेत कॉर्नवॉलिसच्या फौजेत थॉमस मन्रो नावाचा तरुण अधिकारी होता, तोच १८१८ ला पेशवाईविरुद्ध फौज घेऊन आला आणि बेळगावचा किल्ला त्यानंच घेतला.