टॉप-अपच्या आधी कागदांची यादी हातात घ्या

तुमची पोस्ट वाचली. बडोद्यातल्या मांजलपूरचा फ्लॅट भाड्याने दिलाय, भाडं ११,५०० आणि हप्ता २२,५००. आता कर्ज बँकेकडे फिरवून वर टॉप-अप (त्याच फ्लॅटच्या तारणावर वाढीव कर्ज) घ्यायचा आणि वाघोडिया रोडला दुकान घ्यायचं. तुम्ही विचारलंत व्याजदराचं, पण मी थांबलो ते शेवटच्या ओळीवर: गृहवित्त कंपनी तुमच्या मूळ कागदांची यादी द्यायला महिनाभर टोलवतेय. मी यातून गेलोय, म्हणून लिहितोय.

माझं कर्जही एका गृहवित्त कंपनीकडे होतं. नाव घेत नाही. कारेलीबागेतला फ्लॅट विकून दुसऱ्या कर्जाचा भार उतरवायचा होता. गिऱ्हाईक पक्कं, बानाखत (विक्रीचा करार) झालेलं. ठेव मोडून कर्ज फेडलं, खातं बंद केलं, तेव्हा शाखेत कळलं की कागद बाहेरगावच्या गोदामात आहेत. रोज एकच उत्तर: "मेल टाकलाय." शेवटी पाकीट आलं, तर आधीच्या मालकाचा दस्तावेज होता पण नोंदणीची मूळ पावती गायब. वर सेरसाईच्या (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) नोंदीत कंपनीचा बोजा तसाच. गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वकिलाने दोन्ही गोष्टींवर बोट ठेवलं, फाइल अडली, गिऱ्हाईक गेलं. दुसऱ्या कर्जाचा हप्ता मात्र एका दिवसानेही थांबला नाही. आजही त्या शाखेवरून गेलो की संताप होतो.

तेव्हा नियम नव्हता, आता आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं आणि बोजा उतरवणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. गृहवित्त कंपन्यांनाही हे लागू आहे. पण कागद नेमके कोणते दिले होते, हे तुमच्याकडे लेखी हवं. म्हणून आधी ईमेलने यादी मागा, शिक्क्यानिशी घ्या आणि कर्ज घेताना मिळालेल्या पोचपावतीशी एकेक ओळ ताडून बघा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स या तक्रार पोर्टलवर जा. शाखेत खेटे घालून काही होत नाही.

आता न विचारलेलं मत. दुकानासाठी फ्लॅटवर टॉप-अप घेऊ नका. उद्या दुकान रिकामं राहिलं आणि फ्लॅट विकावा लागला, तर आधी दुकानाचे पैसेही फेडावे लागतील, त्याशिवाय फ्लॅटचे कागद सुटणार नाहीत. दुकान घ्यायचंच तर त्याचं कर्ज दुकानावरच काढा. दर थोडा जास्त पडेल, पडू दे. दरमहा ११,००० तुम्ही आत्ताच खिशातून घालताय. करात ते सगळं वसूल होतं हा समजही सोडा: जुन्या करपद्धतीत घरभाड्याचा तोटा (भाड्यापेक्षा व्याज जास्त झालं तर) इतर उत्पन्नातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वजा होतो, नव्या पद्धतीत तेवढाही नाही. मी सीए नाही, तुमच्या आकड्यांवर त्यांच्याकडून खात्री करून घ्या.

एक जाता जाता: दुकानाचा दस्तावेज फक्त वहिनींच्या नावावर होणार असेल तर गुजरातेत १ टक्का नोंदणी फी माफ आहे. मुद्रांक शुल्क मात्र भरावंच लागतं, आणि ती रक्कम कर्जात धरून चालू नका.