कॅरिबियन पद्धतीचं कैरीचं तिखट लोणचं घरी कसं करतात? आपल्या लोणच्यासारखंच असतं का?

नाही हो, आपल्यासारखं अजिबात नसतं. मी त्रिनिदादचं सांगते कारण टोरंटोत आमच्या शेजारच्या आंटी तिथल्या, त्यांच्याकडेच शिकले. त्याला कुचेला म्हणतात. फोडी नाहीत, हिंग नाही, मोहरीची डाळ नाही, कीस असतो आणि तोही वाळवलेला. बिहारकडे आम का कुच्चा करतात ना, त्याच्या जवळचं. कलकत्त्याहून निघालेलं फातेल रझाक जहाज मजूर घेऊन 30 मे 1845 ला त्रिनिदादला लागलं, मग पुढे कितीतरी वर्षं उसाच्या मळ्यांसाठी माणसं जातच राहिली, त्यात भोजपुरी बोलणारे पुष्कळ, म्हणून चव तिकडची. आंटी अजून जिऱ्याला गीरा म्हणतात.

आता कृती. कडक, आंबट, आतून पांढऱ्या अशा 4 मोठ्या कैऱ्या सोलून जाड किसणीवर किसा. चमचाभर मीठ लावून अर्धा तास ठेवा आणि मग पंच्यात बांधून पिळा, अगदी हात दुखेपर्यंत पिळा. (आंटी ते पाणी सरळ सिंकमध्ये ओततात, माझा जीव तुटतो, मी पन्हं करते.) मग कीस ताटात पसरून दोन दिवस कडक उन्हात, किंवा ओव्हनमध्ये 100 डिग्रीला दीडदोन तास, मधूनमधून हलवत. परातभर कीस वाळून जेमतेम दोन वाट्या उरतो. हात लावला तर ओला लागायला नको पण चिवडताना कुरकुरीतही नको, मनुक्यासारखा चिवट हवा. पहिल्या वेळी मी घाई केली, नुसता पिळून मसाला घातला, दहाव्या दिवशी बरणीत पांढरी बुरशी, अख्खं लोणचं फेकलं.

मसाला म्हणजे अमचार मसाला, नाव ऐकून आमचूर समजू नका, त्यात आमचूर नसतं. 4 चमचे धणे, 1 चमचा जिरं, अर्धा अर्धा चमचा बडीशेप, मोहरी, मिरी, आणि मेथी त्याहून कमी. हे कोरडंच भाजायचं, आपण थांबतो त्याच्या पुढे जायचं, धणे कॉफीच्या रंगाचे व्हायला हवेत. मी गॅस बंद करायला गेले की आंटी हात धरायच्या. पण मेथी शेवटी टाका, ती जळली की सगळं कडू. मग भरड दळा, यातला 3 चमचे मसाला या किसाला पुरतो.

तिखटपणा स्कॉच बॉनेट मिरचीचा. लाल तिखटाने काम होत नाही कारण त्या मिरचीला फळासारखा वास असतो आणि अर्धी मजा त्या वासातच आहे. 2 मिरच्या आणि 8 लसूण पाकळ्या बारीक वाटायच्या, हातमोजे घालून बरं का, मी एकदा न घालता केलं आणि मग डोळ्यातल्या लेन्स काढायला गेले, पुढचं विचारू नका. भारतात असाल तर लवंगी मिरची घाला, तिखट होईल, वास मात्र नाही यायचा.

मोहरीचं तेल पाऊण वाटी, धूर येईपर्यंत तापवून कोमट करा, त्यात वाटण, मसाला, कीस, लागेल तसं मीठ घालून कालवा आणि कोरड्या बरणीत दाबून भरा. आठवड्याने मुरतं. आपल्यासारखा तेलाचा थर वर नसतो म्हणून मी फ्रीजमध्येच ठेवते.

तिकडे डबल्सवर घालतात, म्हणजे दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांमध्ये (त्यांना बारा म्हणतात) छोल्यांची भाजी आणि वर चमचाभर कुचेला, शिवाय पेलाऊ नावाच्या भाताबरोबर. आमच्याकडे मात्र थालीपीठ आणि दह्याबरोबरच संपतं, आंटींनाही ते आवडलं, आता थालीपिठाची भाजणी मागायला येतात.