मेलेला माणूस खुलासा पाठवत नाही

पोरी,

तुझी मेल रात्री दोनदा वाचली. गेलेल्या एका लेखकाची डायरी त्याच्या पुतण्याने तुला आणून दिली आहे, आणि त्यातलं त्याचं एका माणसावरचं प्रेम छापायचं का, हे तू विचारते आहेस. दीड पान कायदा, अर्धं पान संपादक काय म्हणाले ते, आणि बाकी सगळीकडे डायरी हाती लागल्याचा आनंद, जो तू लपवायला बघते आहेस. लपवू नकोस. असा कागद समोर आल्यावर ज्याच्या पोटात गोळा येत नाही, त्याने या धंद्यात पडू नये. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या दिवंगत लेखकाच्या डायरीत ज्या माणसाचं नाव पानोपानी येतं, तो आज जिवंत आहे का, याबद्दल तुझ्या एवढ्या मोठ्या मेलमध्ये एक ओळ नाही. तू शोधलंच नाहीस.

कायद्याचं आधी उरकून टाकू, कारण तू तिथेच घुटमळते आहेस. इंग्लंडात मेलेल्याची बदनामी होतच नाही. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे होऊ शकते, पण घरच्यांना दुखवायचा हेतू होता हे दिसावं लागतं. खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे. म्हणजे वकील तुला बहुधा 'चालेल' म्हणतील. म्हटलं तर मग काय करशील?

मी काय केलं ते सांगतो. एक कामगार नेते गेले. जन्मभर दारूविरुद्ध बोललेला माणूस. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने गप्पांच्या ओघात मला सांगितलं की ते स्वतः दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले होते. मी खूश. नुसत्या श्रद्धांजलीत काय ठेवलंय, हा खरा माणूस! दुजोरा घेतला, केंद्राचं नाव पडताळलं, तारखा पडताळल्या, रात्री अकराला पान छपाईला सोडलं. एक अक्षर चुकीचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीचा फोन आला. आवाज चढला नाही. म्हणाल्या, "तुम्ही एक फोन केला असतात तर त्यांनी सोडली कशी, ते मी सांगितलं असतं. आणि मुलीला आधी बसवून सांगितलं असतं." मुलीला ते पेपरातून कळलं होतं.

लक्षात येतंय का? मी निर्दय होतो, एवढाच हा मुद्दा नाही. मी वाईट बातमीदार होतो. माझ्या लेखात ढोंगी नेता होता. बाईंच्या हातात जी गोष्ट होती, त्यात स्वतः भाजून निघालेला आणि म्हणून दुसऱ्याला सावध करणारा माणूस होता. अर्धीच गोष्ट छापून मी तिला सत्य म्हटलं. जिवंत माणसावर लिहिलं की दुसऱ्या दिवशी त्याचा खुलासा येतो, आपण चरफडत का होईना, तो छापतो. मेलेला माणूस खुलासा पाठवत नाही. त्याच्या वतीने तो खुलासा छापण्याआधी आपणच शोधून आणायचा असतो. म्हणून सांगतो, छापल्यावर ज्यांना चटका बसेल त्यांच्या दारात आधी जा.

परवानगी मागायला नव्हे. हे नीट वाच, कारण नंतर तू 'सर म्हणाले घरच्यांना विचारा' असं सांगत सुटशील. घरच्यांना विचारलं तर या जगात एकही चरित्र लिहून होणार नाही. जा, समोर बस, हातात काय आहे ते सांग, ते काय म्हणतात ते ऐक. मग ठरव. 'नाही' म्हणाले तरी छापायची वेळ येते. मी तशी एकदा छापली आहे, घरच्यांनी हात जोडले असताना, कारण त्या गृहस्थांनी लोकांच्या पैशाला हात लावला होता. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. पण त्यांच्या समोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं की मी छापणार आहे.

आणि दार नेहमी घरच्यांचंच असतं असंही नाही. बीबीसीचा नावाजलेला सूत्रसंचालक जिमी सॅव्हिल ऑक्टोबर २०११ मध्ये गेला. त्याने ज्यांचं शोषण केलं होतं, त्यांच्यापैकी काही जणी बीबीसीच्या बातमीदारांशी बोलल्याही होत्या. ती बातमी बाजूला पडली आणि नाताळात त्याच्या गौरवाचे कार्यक्रम मात्र झाले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, ते हे. वर्षभराने दुसऱ्या वाहिनीने त्या बायकांना बोलू दिलं तेव्हा सगळं बाहेर आलं. तिथे ज्या दारात जायचं ते त्या बायकांचं होतं, आणि मेलेल्याविषयी वाईट बोलू नये म्हणणाऱ्यांनी तेच बंद ठेवलं.

फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांनी लपवलेल्या आजाराचं प्रकरण तू उदाहरण म्हणून दिलं आहेस. ते तुझ्या कामाचं नाही. राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या प्रकृतीची पत्रकं नियमित काढायचं वचन देतो आणि १९८१ पासून कर्करोग असताना ती पत्रकं खोटी निघतात, तेव्हा गुपित त्याच्या एकट्याचं राहत नाही. तुझ्या लेखकाने कुणाला कसलं पत्रक दिलं होतं? त्याने एका माणसावर प्रेम केलं आणि ते डायरीत लिहिलं. एवढंच.

तुला जवळचं उदाहरण हवं असेल तर सॅली राइड बघ. अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री, २०१२ मध्ये गेली. सत्तावीस वर्षांची तिची जोडीदार एक स्त्री होती, हे जगाला मृत्युलेखातून कळलं. पण ते कुणा बातमीदाराने उकरून काढलेलं नव्हतं. सांगायचं की नाही, हे सॅलीने त्या जोडीदारावरच सोपवलं होतं, कारण पुढे जगायचं तिला होतं.

तुझ्याकडे आलेला आहे पुतण्या. पुतण्या डायरीचा वारस असेल, गुपिताचा नाही. 'काका मोकळ्या मनाचे होते, त्यांना चाललं असतं' असं तो म्हणतो. चाललं असतं तर काकांनी हयातीत छापलं असतं, छापखाने होते की. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही हे खरं, पण आग लागल्यावर चटके जिवंत माणसांना बसतात. तो दुसरा माणूस आज ऐंशीच्या घरात असेल. त्याचा संसार असेल, नातवंडं असतील, किंवा तो एकटा असेल आणि कुणीतरी येऊन विचारावं म्हणून इतकी वर्षं थांबलेला असेल. हो, तसंही असू शकतं. न जाता तुला कसं कळणार?

'तेवढ्यात दुसऱ्या कुणी छापलं तर?' छापू दे. माझ्याही दोन बातम्या अशा गेल्या. संपादकांनी सगळ्यांदेखत झापलं होतं, महिनाभर कुणी पहिलं पान दिलं नाही. आज त्या बातम्या मला सोडून कुणालाही आठवत नाहीत, आणि मलाही त्या अजून आठवतात याचीच जरा लाज वाटते.

आता कामाचं. डायरी त्याच्या हाती नेमकी कशी आली ते पुतण्याला विचार, आणि उत्तर लिहून घे. त्या माणसाचा ठावठिकाणा काढ. फोनवर विषय काढू नकोस, घरात कुणीही फोन उचलतं. आद्याक्षर वापरून भागेल असं समजू नकोस. हुद्दा आणि साल दिलंस की त्याला ओळखणारे ओळखतातच. मसुदा मला आत्ता पाठवू नकोस, त्याला भेटून आल्यावर पाठव.

आणि तू विचारशीलच म्हणून सांगून टाकतो. त्या बाईंच्या घरी मी नंतरही गेलो नाही. फोनवर माफी मागितली, दुरुस्ती छापायची तयारी दाखवली. त्या म्हणाल्या, दुरुस्त काय करणार, सगळं बरोबरच तर आहे. नंबर अजून माझ्या जुन्या वहीत आहे.